चष्म्याच्या काचेतलं दार

आधीच सांगून ठेवतो... भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आणि फोटोंवर तर त्याहून नाही. भिवंडीत आमचं फोटो आणि फ्लेक्सचं दुकान आहे, बाबांपासूनचं. वाढदिवसाच्या बॅनरवर कुणाच्या तरी मागे सिंह उभा करायचा, लग्नाच्या ग्रुपमध्ये न आलेल्या मावशीला दुसऱ्या फोटोतून उचलून तिसऱ्या रांगेत बसवायची, जन्मात कधी कोट न घातलेल्या आजोबांना गेल्यावर कोट-टाय चढवायचा... ही माझी रोजची कामं. त्यामुळे ‘आमच्या फोटोत काहीतरी दिसलं’ असं कुणी सांगायला लागलं की मी मनात म्हणतो, फाइल पाठव बाबा, मी आणखी चार दाखवतो.

तरीही आज लिहायला बसलोय. बायको म्हणाली, ‘‘तुमच्या त्या ग्रुपवर टाका एकदाचं. मला एकटीला किती वेळा सांगणार?’’

पण त्याआधी माझी एक जुनी चूक सांगायला हवी. त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

पंधरा-सोळा वर्षं झाली. मी नुकताच बाबांच्या हाताखाली बसायला लागलो होतो. जुने फोटो मोठे करायचं काम माझ्याकडे होतं. एकाच दिवशी दोन ऑर्डरी आल्या, दोन्ही बाराव्यासाठी, दोन्ही फोटो बायकांचे. एक खाडीकडच्या गावातली, एक कामतघरची. खाडीवाल्यांचा फोटो मी स्कॅन करून, मोठा करून, फ्रेम करून ठेवला. कामतघरचा अजून कामाला घेतला नव्हता, पाकिटावर काय करायचं तेवढं लिहून ठेवलं होतं. देताना घाई केली आणि खाडीवाल्यांच्या पाकिटात मूळ फोटो म्हणून कामतघरचा घातला.

त्यांनी पाकीट उघडलं ते बारावं उरकल्यावर. आत भलतीच बाई! घरातली म्हातारी माणसं म्हणाली, परक्या मेलेल्या माणसाचा फोटो घरात ठेवायचा नाही आणि कचऱ्यातही टाकायचा नाही. मग त्यांनी हळदकुंकू वाहून, निर्माल्याबरोबर तो खाडीत सोडला. आपला मूळ फोटो मागायला आले, तेव्हा आम्हाला हे कळलं. त्यांनी आपल्या परीनं अगदी मानानं केलं हो, त्यांना काय बोलणार? इकडे कामतघरच्या बाईंचा भाऊ फोटो न्यायला आला आणि मी ड्रॉवर उलटेपालटे करत बसलो. शेवटी बाबा पुढे झाले आणि त्यांनी शिव्या खाल्ल्या. तो माणूस जाताना एवढंच म्हणाला, ‘‘तिचा तेवढा एकच फोटो होता.’’

त्या बाईंचा चेहरा मला आठवत नाही. कारण मी पाहिलाच नव्हता. आमच्या धंद्यात फोटो हातात आला की आधी दिसतात घड्या, बुरशी, डाग. ऑर्डरच्या पाकिटावर मी पेन्सिलनं लिहिलेलं मात्र पाठ आहे — ‘मधली घडी काढणे. हनुवटीवरचा डाग काढणे.’

बाबा ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, ‘‘कागद बघतोस रे तू. माणूस बघायला शीक.’’

आता बाबा नाहीत. त्यांच्या मागे मी हा नाद लावून घेतला, लोकांना त्याचं हसू येतं. शुक्रवारी भिवंडीत लूम, म्हणजे यंत्रमाग, बंद असतात, गाव जरा शांत असतं. सकाळी कॅमेरा घेऊन निघायचं, अनोळखी माणसापुढे उभं राहायचं आणि विचारायचं, ‘‘तुमचा एक फोटो काढू का?’’ चोरून काढायचा नाही. खिशातल्या वहीत नाव-ठिकाण लिहायचं, दुकानाचं कार्ड द्यायचं आणि पुढच्या शुक्रवारी प्रिंट हातात नेऊन द्यायची. फुकट. वैशाली — म्हणजे माझी बायको, दुकानात डिझाइन तीच करते — म्हणते, ‘‘घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस दांडगी तुमची.’’

पहिले सहा महिने माझी जीभच उचलायची नाही. अनोळखी माणसाला हाक मारणं सोपं नसतं. कुणी विचारतं, ‘‘आधारचं काम आहे का?’’ कुणी घर खाली करायची नोटीस आली समजून दारच लावतं. एक मासेवाली मला म्हणाली, ‘‘माजा कनाला? ह्या पापलेटचा काढ, तो तरी ताजा हाय.’’ आणि मग हळूच पदर सारखा करून बसली. गोरखपूरकडचा एक लूम कामगार होता. तो पळत खोलीत गेला आणि धुतलेला शर्ट घालून आला. ‘‘भैया, अम्मा को भेजना है, थोड़ा मोटा दिखाना.’’ अशी माणसं भेटली की आठवडाभर बरं वाटतं. आणि एक युक्ती मला सापडली. बटण दाबायच्या आधी मी सांगतो, ‘‘इथे मी नाहीये असं समजा. तुम्हाला ज्याला बघायला आवडेल, ते माणूस समोर उभं आहे. त्याच्याकडे बघा.’’ एवढं म्हटलं की चेहराच बदलतो. वैशालीलाही हे पटलेलं आहे.

तर... गेल्या हिवाळ्यातला शुक्रवार, सकाळचे सव्वाअकरा. कामतघरच्या एका गल्लीत जुन्या लूमच्या शेडचं शटर अर्धं उघडं होतं. आत शेडचा एक कोपरा रिकामा करून तिथे कापडाचे तागे रचलेले. छपराच्या पत्र्यात एक पारदर्शक शीट बसवलेलं, त्यातून खाली असा मऊ उजेड पडला होता की स्टुडिओत शोधून मिळणार नाही. आणि त्या उजेडात स्टुलावर एक म्हातारा राखणदार बसला होता. जाड काचांचा चष्मा, बंडी, पायाशी पाण्याचा तांब्या.

मी नेहमीचं पालुपद सुरू केलं. ‘‘काका, तुमचा एक फोटो काढू का?’’

‘‘कनाला? बँकेला पायजे?’’

‘‘नाही, असाच.’’

‘‘असाच कोन काढते रं?’’

मी पिशवीतल्या आधीच्या प्रिंट दाखवल्या. मासेवालीची पाहून ते हसले. मग मी कार्ड दिलं. त्यांनी ते हात लांब करून धरलं आणि ओठ हलवत हलवत वाचलं. बराच वेळ वाचलं. मग घडी न घालता बंडीच्या खिशात ठेवलं आणि म्हणाले, ‘‘बस. पानी पी आदी.’’

नाव पोशीराम. गाव मूळचं दिघाशी, पण आयुष्य सगळं ह्याच शेडमध्ये गेलं. आधी लूम चालवला, नजर कमी झाल्यावर शेठनं राखणीला ठेवलं.

‘‘हतंच माजा लूम व्हता,’’ त्यांनी स्टुलाखालची फरशी दाखवली. बोल्टची चार भोकं अजून होती. ‘‘एकवीस वर्सं ह्याच जाग्यावं उबा ऱ्हायलू. आन तू उबा हाय ना, तुज्या पाटीमांगं दार व्हतं. शेठनी बुजवलं, तिकरं शटर काडलं.’’

मी मागे वळून पाहिलं. सिमेंटचा गिलावा केलेली साधी भिंत. नीट पाहिलं तर दाराच्या आकाराची एक पुसट चौकट गिलाव्यातून कळत होती.

‘‘माजी बायकू त्या दारान यायची, डबा घेवन. हिरा. आता लूम चालू आसलं का कानान कोन बोंबललं तरी आयकू येत न्हाय. मंग ती काय करायची, दारान उबी ऱ्हायची आन डबा असा वर करून हालवायची.’’ त्यांनी उजवा हात डोक्याच्या वर नेला. ‘‘मी मान वर केली का मंगच हात खाली. न्हाय केली, तं तशीच उबी. हात दुखला तरी खाली न्हाय करायची, येवरी हट्टी.’’ मग गालात हसून म्हणाले, ‘‘कदी कदी मना दिसायची, तरी मी मुद्दाम न्हाय बगायचू.’’

मी सहज विचारलं. देवाशपथ सहज. ‘‘काकींचा फोटो आहे का? मी चांगला करून देतो.’’

‘‘व्हता एक. वज्रेश्वरीच्या जत्रेन काडलेला. ती गेली तवा बाराव्याला मोठा कराला दिला, तो दुकानान हरवला.’’ हे सांगताना ते माझ्याकडे नाही, माझ्या बुटांकडे बघत होते. ‘‘मंग पाटावं फोटूच्या जाग्याला तिचा डबा ठेवला. डब्यालाच हार घातला. लोकं हसली मना.’’

मी कॅमेऱ्याची लेन्स पुसायला घेतली, ती स्वच्छ होती तरी.

‘‘येकच वाईट झालं,’’ ते म्हणाले. ‘‘आता तिचं तोंड नीट याद येत न्हाय. लुगरं याद येते, हात याद येते. तोंड याद कराला गेलू का मदीच पोरीचं तोंड येते. सकाल-सकाल हतं बसतू, आन याद कराला बगतू. न्हाय येत.’’

मीच तो, एवढंच म्हणायचं होतं मला. पंधरा वर्षं ज्याला शोधायला हवं होतं आणि शोधलं नाही, तो माणूस समोर बसून मला पाणी देत होता. तोंड उघडलं, आणि बाहेर काय आलं? ‘‘जरा हनुवटी वर घ्या, काका.’’ इतका भेकड मी आयुष्यात कधी वागलो नाही.

चष्म्यात प्रतिबिंब येतं म्हणून मी एरवी चष्मा काढायला लावतो. त्या दिवशी विसरलो. हात थरथरत होते, म्हणून पाठ मागच्या भिंतीला टेकवली. हे लक्षात ठेवा, पाठ भिंतीला अगदी चिकटलेली होती. मग नेहमीचं वाक्य म्हटलं, ‘‘इथे मी नाही असं समजा. तुम्हाला ज्याला बघायचंय, त्याच्याकडे बघा.’’

ते खाली मान घालून बसले. मी दाबत गेलो. सात फ्रेम. मध्येच त्यांनी मान वर केली. हातातलं काम सोडून कुणी हाकेसरशी बघावं तशी. आणि हसले. फोटो झाला हे मला तेव्हाच कळलं. वहीत नाव लिहिलं आणि पळ काढला, दुसरा शब्द नाही त्याला.

दुपारी दुकानात वैशालीनं फाइल उघडली. मी तिला सगळं सांगितलं होतं. तिनं नुसता चहा पुढे सरकवला. मग चष्म्याच्या काचेवरची चमक काढायला तिनं फोटो झूम केला आणि थांबली.

‘‘अहो, तुमच्या मागे ही बाई कोण?’’

‘‘मागे भिंत होती.’’

‘‘बघा तरी.’’

पाचवी फ्रेम. हसण्याची. उजव्या काचेत मी दिसतोय, इवलासा, एका बाजूला, कोपर बाहेर काढून उभा. आणि माझ्या खांद्याला लागून, जिथे करडी भिंत दिसायला हवी, तिथे उजेडाचा एक उभा चौकोन. उघडं दार. दारात लाल लुगड्यातली एक बाई, उजवा हात डोक्याच्या वर, हातात काहीतरी गोल, चकाकणारं. डाव्या काचेतही तेच, फक्त जरा कडेला.

चौथ्या फ्रेममध्ये भिंत. सहाव्या फ्रेममध्ये भिंत. मधल्या एकीत दार.

तुम्ही म्हणाल, ढगात घोडा दिसतो तसलं काही असेल. मीही तेच म्हणालो असतो. म्हणून शनिवारी, काकांची ड्युटी नव्हती तेव्हा, पुन्हा शेडमध्ये गेलो. लूम धडधडत होते. मुकादमाच्या कानाला तोंड लावून परवानगी मागितली, तरी त्याला ऐकू गेलं नाही, शेवटी हातवारे केले. भिंत ठोकून पाहिली, पक्की होती. मागच्या बाजूला जाऊन आलो, तर तिथे दुसऱ्याच्या शेडची भिंत लागून. आरसा नाही, पोस्टर नाही, खिडकी नाही. स्टुलावर बसूनही पाहिलं. समोर करडा गिलावा, दुसरं काही नाही. कॅमेरा तपासला, कार्ड तपासलं. फोटोत खोटं कसं घालतात ते मला येतं, तेव्हा ते कुठे असतं हेही कळतं. इथे जोड कुठेच नव्हता.

पण एक अडचण होती. बाई दिसत होती, चेहरा दिसत नव्हता. काचेतल्या त्या बाईचं डोकं म्हणजे पडद्यावर बोटाच्या पेराएवढा गव्हाळ पुंजका. काकांना हवा होता चेहराच.

वैशालीनं एआयला देऊन पाहिलं. दोन मिनिटांत चेहरा आला! डोळे, नाक, पांढरे शुभ्र दात... साडीच्या जाहिरातीतली बाई. पुन्हा दिलं, तर दुसरीच बाई. तिसऱ्यांदा तिसरी. क्षणभर, खरं सांगतो, मोह झाला. म्हाताऱ्याला कुठे आठवतंय? यातली एक दिली तर तो सुखानं बघत बसेल. वैशालीनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्याकडे. दोघांनाही लाज वाटली. तिन्ही उडवून टाकल्या.

‘‘मग जसं आहे तसंच मोठं करते,’’ ती म्हणाली. ‘‘हा एक काळा ठिपका तेवढा काढू? नॉइज आहे, कॅमेऱ्याचा दोष.’’

तिचा हात माउसवर होता. माझ्या तोंडून ‘काढ’ येणारच होतं, इतक्या वर्षांची सवय. का कुणास ठाऊक, म्हणालो, ‘‘राहू दे. यातलं काहीच काढू नको.’’

पुढच्या शुक्रवारी दोन प्रिंट घेऊन गेलो. काका त्याच स्टुलावर होते. आधी त्यांचा फोटो दिला. त्यांनी पाहिला, ‘‘म्हातारा झालू रं,’’ म्हणून हसले. दुसरं पाकीट मी हातातच धरून ठेवलं. ते देण्याआधी बोलायला हवं होतं.

‘‘काका, काकींचा फोटो हरवला तो... माझ्याच हातून.’’

‘‘ठाव हाय.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘कार्ड दिलंस ना. मेवना जलमभर त्याच नावानी शिव्या देत व्हता, ते नाव इसरंन काय?’’

म्हणजे सगळं ठाऊक असूनही हा माणूस मला ‘पाणी पी आधी’ म्हणाला होता. जत्रेचं, डब्याचं, लोक हसल्याचं, सगळं मला ऐकावं म्हणूनच सांगितलं होतं, आणि एक वाकडा शब्द काढला नव्हता.

‘‘मग मला हाकलून का नाही दिलंत?’’

‘‘तुजं हात कापत व्हतं,’’ काका म्हणाले. ‘‘ज्याला काय वाटत न्हाय त्याचं हात कापतीन काय? म्हनलं, येवऱ्या वर्सांनी आपल्या दारान आयलाय, काडू दे.’’

मला रडू आलं. चाळिशी ओलांडलेला बाप्या, ताग्यांच्या ढिगाशेजारी उभा राहून रडलो, सांगायला लाज वाटत नाही. मग दुसरं पाकीट दिलं. काय आहे, कुठून आलं, ते जमेल तसं सांगितलं. चेहरा आलेला नाही हेही सांगितलं.

काकांनी प्रिंट त्या उजेडात धरली. चष्मा कपाळावर सरकवला आणि कागद नाकाशी नेला. त्यांचा खालचा ओठ हलत होता. मग ते बोलले, माझ्याशी नाही, त्या कागदाशी. ‘‘बगलं गो. बगलं. कर आता हात खाली.’’

मग ते माझ्याकडे वळले. ‘‘तोंड न्हाय, कोन बोलला? ह्ये काय, नाकान मोरनी हाय. हसते कशी बग, दात न दाखवता. आन ह्ये बग...’’ त्यांनी नखानं त्या गव्हाळ पुंजक्याच्या खालच्या कडेला एक ठिपका दाखवला. वैशाली काढणार होती तोच. ‘‘हनवटीवं गोंदन. लगनाच्या आदीचं, तिच्या आयनी गोंदवलेलं. त्या जत्रेच्या फोटून बी व्हतं.’’

हनुवटीवरचा डाग काढणे. माझं पेन्सिलचं अक्षर माझ्या डोळ्यांपुढे आलं. डाग नव्हता तो. तो काढून मी मोठी फ्रेम करून दिली असती, तर बाराव्याला कुणीतरी दुसरीच बाई पाटावर बसली असती. पाकिटावर काय लिहिलं होतं, ते मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. वैशालीलाही नाही.

काकांनी ती प्रिंट भिंतीवर लावली नाही. कोपऱ्यातल्या फळीवर एक चेपलेला पितळी डबा होता, त्याला टेकवून ठेवली. मग मला विचारलं, ‘‘जेवलास काय?’’

हे कसं झालं, मला सांगता येत नाही. फाइल अजून माझ्याकडे आहे. कॅमेऱ्यातलं कळणाऱ्या दोघांना दाखवली. एकानं प्रतिबिंबाचा काहीतरी सिद्धांत सांगितला आणि दुसऱ्यानं तो खोडून काढला. मी वाद घातला नाही.

अधूनमधून दुकानात कुणी नसलं की मी ती पाचवी फ्रेम उघडतो आणि जमेल तेवढी मोठी करतो. दार दिसतं, लाल लुगडं दिसतं, वर केलेला हात दिसतो, तो ठिपका दिसतो. मोरणी मला दिसत नाही. हसूही दिसत नाही. ती बाई दोनदा माझ्या हाती आली, आणि तिचा चेहरा मला अजून माहीत नाही. पण काकांना आता रोज सकाळी आठवतो, मध्ये पोरीचा येत नाही. गेल्याच शुक्रवारी त्यांनी मला सांगितलं.